स्टेप्स सगळ्या समजतात, पण कोऱ्या पानावर पहिली ओळच सुचत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी १६ वर्षांची. अल्जेब्रा आणि फिजिक्सचा होमवर्क ती नियमित करते, अडलं की गणिताचा फोटो काढते आणि फोनवरचं ॲप स्टेप बाय स्टेप उत्तर देतं. ती नुसतं उतरवून काढत नाही, प्रत्येक ओळ वाचते, पटली की मगच पुढच्या ओळीवर जाते. होमवर्कला जवळपास पूर्ण मार्क असतात. टेस्टमध्ये मात्र तसंच गणित समोर आलं की पेन हातात धरून बसून राहते, सुरुवातच होत नाही, आणि नंतर कोणी सोडवून दाखवलं की वाटतं, अरे हे तर मला येत होतं! मोठा भाऊ म्हणतो ॲप म्हणजे सरळसरळ कॉपी, आजच डिलीट कर. मैत्रीण म्हणते प्रत्येक टाइपच्या स्टेप्स पाठ करून टाक. तिने विचारलंय, ताई मी कोणाचं ऐकू, आणि खरं सांगा, माझं डोकं या विषयांसाठी नाहीच का?

---

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन प्रश्न त्याच्याच भीतीतून आलेत असं मला वाटतं. जी मुलगी प्रत्येक ओळ वाचते आणि पटल्याशिवाय पुढे सरकत नाही तिच्या डोक्यात काही कमी असेल असं मला अजिबात वाटत नाही. तुझ्या पत्रात मला दिसतंय ते वेगळंच, तू रोज सराव करतेस एका कामाचा आणि परीक्षेत विचारलं जातं दुसरंच काम.

म्हणजे बघ, सोडवलेल्या गणिताच्या प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कागदावर दिसते ती ओळ. दुसरी म्हणजे त्या जागी दहा गोष्टी करता आल्या असत्या त्यातून हीच का केली, ती निवड. ओळ छापलेली असते, निवड छापलेली नसते. तू ॲपवर वाचतेस तेव्हा स्वतःला विचारतेस की ही ओळ बरोबर आहे का, आधीच्या ओळीवरून येते का, आणि उत्तर हो असतं म्हणून पुढे जातेस. पण टेस्टमध्ये तुला कोणी विचारत नाही की ही ओळ बरोबर आहे का, तिथे प्रश्न असतो आता काय करू? आणि हा प्रश्न तू होमवर्कमध्ये स्वतःला एकदाही विचारलेला नसतो, कारण त्याचं उत्तर प्रत्येक वेळी आधीच समोर होतं.

"समजलं" ही भावना फसवी असते आणि ती सगळ्यांनाच फसवते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले, आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील असा विश्वास जास्त होता तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. तो उतारा गणिताचा नव्हता हे खरं, पण तुझं पत्र वाचताना मला तोच प्रयोग आठवत होता.

आता नुसतं बोलत बसण्यापेक्षा एक गणित घेऊ, अल्जेब्रा आणि फिजिक्स दोन्ही त्यात आहे.

२० मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सरळ वर १५ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला. जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं ॲक्सिलरेशन, १० धर, हवेचा अडथळा नाही.

ॲप काय दाखवेल? (एस म्हणजे डिस्प्लेसमेंट, यू सुरुवातीचा वेग, ए ॲक्सिलरेशन, टी वेळ.)

एस = यूटी + ½एटी²
−२० = १५टी − ५टी²
टी² − ३टी − ४ = ०
(टी − ४)(टी + १) = ०
टी = ४ सेकंद

पाच ओळी, सगळ्या सरळ, वाचायला अर्धा मिनिट. आता पहिल्या ओळीच्या आधी काय काय घडून गेलंय ते बघ. कोणीतरी ठरवलं की वरची दिशा प्लस. मग वेग +१५ झाला आणि ॲक्सिलरेशन −१० झालं, चेंडू वर जात असताना सुद्धा −१०, कारण गुरुत्वाकर्षण खालीच ओढतंय. मग कोणीतरी ठरवलं की चेंडू शेवटी सुरुवातीच्या जागेच्या २० मीटर खाली आहे म्हणून डिस्प्लेसमेंट −२०, मधे तो किती वर जाऊन आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग इक्वेशन निवडली. तीन-चार इक्वेशन्स असताना हीच का? कारण आपल्याला यू, ए आणि एस माहीत आहेत, टी हवाय, आणि जमिनीवर आदळतानाचा वेग व्ही दिलेलाही नाही आणि विचारलेलाही नाही. म्हणून ज्या इक्वेशनमध्ये व्ही नाहीच ती घ्यायची. ही युक्ती लिहून ठेव, गतीच्या गणितात जवळजवळ नेहमी उपयोगी पडते, कुठली राशी ना दिलीये ना मागितलीये ते शोधायचं आणि ती नसलेलं समीकरण उचलायचं.

तू टेस्टमध्ये अडतेस ती इथे, या न छापलेल्या भागात. टी² − ३टी − ४ चे अवयव पाडताना तू अडत नाहीस, मला खात्री आहे.

याच गणितात थोडं अजून थांबू. समज तू −२० च्या जागी +२० लिहिलंस, खूप जण लिहितात. मग टी² − ३टी + ४ = ० येतं, आणि त्याचा डिस्क्रिमिनंट ९ − १६ म्हणजे −७, उत्तरच नाही. बहुतेक मुलं इथे "चुकलं वाटतं" म्हणून खोडतात आणि ॲप उघडतात, पण समीकरण इथे तुझ्याशी बोलतंय ना. +२० लिहून तू विचारलंस की चेंडू गच्चीच्या २० मीटर वर कधी पोचेल, आणि समीकरण म्हणालं कधीच नाही. आणि ते खरंच आहे, कारण १५ चा वर्ग २२५, भागिले दोन जी, म्हणजे २०, तर चेंडू गच्चीच्या वर फक्त ११.२५ मीटर जातो. चिन्ह चुकलं तरी गणिताने बरोबरच उत्तर दिलं, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

आणि ते टी = −१, जे ॲपने न बोलता सोडून दिलं? वेळ निगेटिव्ह नसते म्हणून टाकून द्यायचं असं शिकवतात, आणि इथे टाकायचंच आहे, पण का ते बघ. आपलं समीकरण चेंडू हातातून सुटल्यापासूनच लागू आहे, त्याआधी चेंडू हातात होता. पण समजा तोच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून वर फेकलेला असता, तर त्याचा वेग तेव्हा २५ असायला हवा होता, आणि मग गच्चीजवळून जाताना तो बरोबर १५ नेच गेला असता. आता खाली पडतानाचा वेग काढ, १५ − ४० म्हणजे −२५. तोच आकडा, उलट दिशा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो, आणि तुला तो मिळत नाहीये याचंच मला जास्त वाईट वाटतं, मार्कांचं नंतर बघू.

शेवटी ताळा. वर जायला १५ भागिले १० म्हणजे दीड सेकंद. तिथे उंची २० + ११.२५ म्हणजे ३१.२५ मीटर. तिथून नुसता सोडला तर ५टी² = ३१.२५, टी² = ६.२५, टी = २.५. दीड आणि अडीच, चार. जुळलं. वेगळ्या वाटेने तेच उत्तर आलं की मग कोणाला विचारायची गरज राहत नाही, ॲपलाही नाही.

आता तुझ्या भावाचं म्हणणं. त्याची काळजी मला कळते आणि ती चुकीची नाही, पण "सोडवलेलं बघणं म्हणजे कॉपी" हे मला मान्य नाही. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर यांनी अल्जेब्राच्याच मुलांवर प्रयोग करून दाखवलं होतं की नवीन प्रकार शिकताना नुसती गणितं सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासली तर कमी वेळात शिकून होतं. नवख्या माणसाला पूर्ण अंधारात सोडलं तर त्याचं सगळं डोकं चाचपडण्यातच खर्च होतं, शिकायला काही उरतच नाही. पण याची दुसरी बाजू पण नंतर समोर आली, की जसजसं येऊ लागतं तसतसा सोडवलेल्या उदाहरणांचा फायदा कमी होतो आणि मग उलट अडथळा व्हायला लागतो. म्हणजे ॲप वाईट की चांगलं हा प्रश्न नाहीच, धड्याच्या पहिल्या दोन दिवसांत ते चांगलं असू शकतं आणि टेस्टच्या आदल्या आठवड्यात तेच ॲप तुझं नुकसान करू शकतं.

आणि बघणं कसं, यावर पण खूप अवलंबून आहे. मिशेलीन ची (Chi) या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मेकॅनिक्सची सोडवलेली उदाहरणं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. जे पुढे चांगले सोडवणारे निघाले ते वाचताना स्वतःला सारखं समजावत होते, हे बल इथे का घेतलं, ही दिशा अशी का, आणि "हे मला कळलं नाही" असं जास्त वेळा म्हणत होते. जे मागे पडले त्यांना वाचताना बहुतेक सगळं कळत होतं! तुझं पत्र मला त्यांच्यासारखं वाटलं, रागावू नकोस. तुला सगळंच कळतं हीच काळजीची गोष्ट आहे.

म्हणून ॲप डिलीट करू नकोस, उघडायची वेळ आणि पद्धत बदल. गणित वाचलं की आधी तुझ्या वहीत काय दिलंय, काय विचारलंय, आकृती, आणि कुठली दिशा प्लस, हे लिही. मग दहा मिनिटं खरोखर झटापट कर, चुकीचं लिहिलं तरी चालेल. नाहीच जमलं तर कुठे अडलं ते एका वाक्यात लिही. "जमत नाही" असं नाही, तर "दोन बलं दिसतात पण दोरीचा ताण दोन्हीकडे सारखा घ्यायचा का ते कळत नाही" असं. हे वाक्य लिहिताना अर्ध्या वेळा तुझं तुलाच उत्तर सापडेल, आणि नाही सापडलं तरी सरांना किंवा मॅडमना विचारायला नेमका प्रश्न हातात असेल, "मला हे गणित येत नाही" असं सांगणाऱ्या मुलीला ते अख्खं गणित सोडवून देतात आणि तू पुन्हा तिथेच येतेस.

मग ॲप उघड, पण कागदाने झाकून एकच ओळ बघ. पुढची ओळ काय असेल ते स्वतः लिही आणि मग सरकव. तुझी ओळ वेगळी निघाली तर लगेच खोडू नकोस, कदाचित तुझीही वाट बरोबर असेल. ज्या ॲपला प्रश्न विचारता येतात त्याला "सोडवून दे" म्हणण्याऐवजी "पूर्ण सोडवू नकोस, माझी कुठली ओळ चुकली तेवढं सांग" असं लिही. आणि हो, अशी ॲप्स चुकतात सुद्धा, चिन्हात चुकतात, फोटोतला घातांक नीट वाचत नाहीत, आणि चुकीचं उत्तर पण तेवढ्याच थाटात देतात, म्हणून ताळा तुझा तूच कर.

संपलं की सगळं बंद कर आणि कोऱ्या पानावर तेच गणित पहिल्यापासून लिही. ही पायरी सोडू नकोस, बाकी काही जमलं नाही तरी ही एक कर. तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा. कंटाळवाणं वाटेल आणि पहिल्या आठवड्यात खूप हळू चाललंय असं वाटेल, रोज दहा गणितं होत होती ती आता चारच होतील. होऊ देत. होमवर्क दहाचा असेल आणि उद्याच द्यायचा असेल तर तीन गणितं अशी कर आणि बाकीची नेहमीसारखी उरक, मला सगळं माहितीये की घड्याळ थांबत नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्यावर मात्र मी जास्त सावध आहे. काही गोष्टी पाठ हव्यातच, वर्गसमीकरणाचं सूत्र, (अ + ब)² चा विस्तार, ३०, ४५, ६० अंशांचे साइन-कोसाइन, या गोष्टी आठवायला वेळ लागला तर विचार करायला जागा राहत नाही. पण "टाइप" पाठ करणं वेगळं. टाइप ठरवायचा कशावरून? उतार दिसला की उतारवाला टाइप, कप्पी दिसली की कप्पीवाला टाइप. १९८१ मध्ये त्याच मिशेलीन ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी फिजिक्सची गणितं लोकांना गटांत लावायला दिली होती, तर नवखे विद्यार्थी अगदी असेच गट करत होते, चित्रात काय दिसतं त्यावरून, आणि मुरलेले लोक कुठला नियम लागतो त्यावरून, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचं, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचं असं.

एक उदाहरण देते. ५ मीटर उंचीवरून एक दगड नुसता सोडला, एक ठोकळा ५ मीटर उंच गुळगुळीत उतारावरून घसरला, आणि एका लांब दोरीला टांगलेला गोळा सगळ्यात खालच्या जागेपासून ५ मीटर उंच नेऊन सोडला. तळाशी वेग किती? चित्रं तीन, टाइप तीन, पण गणित एकच, वरची स्थितीज ऊर्जा एमजीएच बरोबर तळाची गतिज ऊर्जा अर्धा एमव्ही², वेग १० मीटर प्रति सेकंद, तिन्हींचा. आता त्याच उतारावरच्या ठोकळ्याला "किती वेळात खाली येईल" असं विचारलं तर ऊर्जेचं समीकरण एकटं पुरत नाही, उताराचा कोन लागतो, ॲक्सिलरेशन काढावं लागतं. चित्र तेच, गणित बदललं. टाइप पाठ केलेली मुलगी पहिल्या वेळी तीन वेगळ्या स्टेप्स आठवत बसते आणि दुसऱ्या वेळी चुकीच्या आठवते.

यावर उपाय सोपा आहे पण तो जिवावर येतो, गणितं मिसळून सोडवायची. धड्याच्या शेवटी एकाच प्रकारची वीस गणितं असतात, तिथे काय वापरायचं हे धड्याचं नावच सांगून टाकतं, म्हणून ती पटापट सुटतात. परीक्षेत धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. मागच्या तीन धड्यांतून दोन-दोन गणितं चिठ्ठ्यांवर लिही, पिसून एक काढ, आणि सोडवू सुद्धा नकोस, फक्त सुरुवात कशी करशील आणि का ते दोन ओळींत लिही. पंधरा मिनिटांत सहा सुरुवाती होतात. तुझा त्रास सुरुवातीचाच आहे ना, मग सराव पण सुरुवातीचाच कर.

अल्जेब्राबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य आपण सगळे घोकतो आणि त्याने काम चालतं म्हणून त्याच्या मागचं विसरतो, की खरं तर दोन्ही बाजूंना सारखीच गोष्ट केली जाते. मग कोणीतरी ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहितं आणि त्याला कळत नाही काय चुकलं, बाजू तर बदलली, चिन्ह पण बदललं. म्हणून प्रत्येक ओळीला विचार, दोन्ही बाजूंना मी नक्की काय केलं, आणि दुसरा प्रश्न, या ओळीवरून मागच्या ओळीवर परत जाता येतं का?

हा दुसरा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. क्ष² = ५क्ष घे. दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं, क्ष = ५, झालं? नाही ना, क्ष = ० पण चालत होतं, भागताना ते हरवलं, कारण शून्याने भागता येत नाही आणि क्ष शून्य नाही हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता उलटं बघ, √(क्ष + ६) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणून क्ष = ३ किंवा −२. ३ घालून बघ, √९ = ३, बरोबर. −२ घालून बघ, √४ म्हणजे २, आणि उजवीकडे −२, जुळत नाही. हे −२ मूळ समीकरणात नव्हतंच, वर्ग करताना आत शिरलं, कारण २ आणि −२ दोघांचा वर्ग ४ च असतो, वर्ग केल्यावर चिन्हाची आठवण पुसली जाते. एका ठिकाणी उत्तर हरवलं, एका ठिकाणी जास्तीचं आलं, आणि दोन्ही वेळा स्टेप्स दिसायला अगदी साध्या होत्या. "समजल्या" असत्या.

फिजिक्समध्ये माझा आग्रह एकाच सवयीचा आहे, आकडे शेवटी घाल. अक्षरं ठेवून शेवटपर्यंत जा. व्ही वेगाने चाललेली गाडी ब्रेक मारून किती अंतरात थांबेल, तर व्ही² भागिले २ए. अक्षरांत उत्तर आलं की त्याच्याशी बोलता येतं, वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होणार हे एका नजरेत दिसतं, आकडे आधीच घातले असते तर कधीच दिसलं नसतं. मग आकडे, ७२ किलोमीटर प्रति तास आणि ब्रेकचं ॲक्सिलरेशन ५. थेट घातलं तर ७२ चा वर्ग ५१८४, भागिले १०, म्हणजे ५१८ मीटर, अर्धा किलोमीटर! इथे थांबून म्हणायला हवं की असं कसं होईल. ७२ किलोमीटर प्रति तास म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, ४०० भागिले १०, ४० मीटर. युनिट्स ही मार्क कापायला काढलेली गोष्ट आहे असं वाटत असेल तर हे ऐक, १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्सच्या हिशोबात आकडे देत होतं आणि ते वापरणारी दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालली होती.

अक्षरांचा अजून एक फायदा, उतारावर साइन घ्यायचा की कोसाइन हा गोंधळ पाठांतराने कधीच जात नाही, पण टोकाला जाऊन बघितलं की मिटतो. घर्षण नसलेल्या उतारावर ठोकळ्याचं ॲक्सिलरेशन जी साइन थीटा की जी कोसाइन थीटा? उतार पूर्ण सपाट कर, कोन शून्य, ठोकळा घसरायला नको, साइन शून्याला शून्य असतो, कोसाइन एक असतो. म्हणजे साइन. कोन ९० कर, भिंत झाली, ठोकळा सरळ पडतोय, ॲक्सिलरेशन जी हवं, साइन ९० म्हणजे एक, बरोबर. परीक्षेत हे करायला दहा सेकंद लागतात.

आणि टेस्टमध्ये ते कोरं पान समोर आलंच तर? "उत्तर कसं येईल" हा विचार तिथेच सोड, तो खूप लांबचा प्रश्न आहे. आकृती काढ, दिलेल्या गोष्टी युनिटसकट लिही, काय मागितलंय त्याला एक अक्षर दे, प्लस दिशा दाखव. यातलं काहीच सुचायची गरज नसते, हे नुसतं करता येतं. हात चालू झाला की पुष्कळदा डोकं मागून येतं, आणि नाहीच आलं तरी स्टेप्सना मार्क देणारी परीक्षा असेल तर पान अगदी रिकामं जात नाही. भीतीने डोकं गच्च होणं हे पण खरं असतं, त्यासाठी घरी आठवड्यातून एकदा घड्याळ लावून, वही-ॲप सगळं दूर ठेवून दोन अनोळखी गणितं सोडवायला बस, म्हणजे टेस्टमध्येच ते पहिल्यांदा घडणार नाही.

तुझ्यासारखी पत्रं मला आई-वडिलांकडून पण येतात, मुलगा होमवर्क तर सगळा करतो मग मार्क का पडत नाहीत म्हणून. त्यांना एवढंच सांगते की वहीतली उत्तरं तपासू नका, मुलाला कुठलीही एक ओळ दाखवून विचारा "इथे हेच का केलंस?" तुम्हाला फिजिक्स यायची गरज नाही, त्याच्या उत्तरावरून कळतं. भावाला पण हेच काम दे, तो ॲपवर चिडलाय तर त्या रागाचा काहीतरी उपयोग होऊ दे.

आता तुझ्यासाठी एक गणित, आणि हे ॲपला दाखवायचं नाही. तीच २० मीटरची गच्ची, तोच १५ चा वेग, पण या वेळी चेंडू सरळ खाली फेकलाय. आधी आकृती, चिन्हं, मग अंदाज कर की जमिनीवर आदळताना तो वर फेकलेल्या चेंडूपेक्षा जोरात आदळेल की हळू, आणि अंदाज लिहून ठेव. मग सोडव, वर्गसमीकरणाची दोन्ही उत्तरं आधीच्या दोन उत्तरांशेजारी मांड, आणि ती तशी का आली ते तुझ्या शब्दांत मला लिहून पाठव. अर्धवट आलं तरी पाठव, कुठे अडलीस ते वाक्य तेवढं नीट लिही.